काडीवरचे वेढे

मी राक्षस काढते. काय काम करता असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. कारण "व्हिडिओ गेममधल्या शत्रूंची चित्रं काढते" असं म्हटलं की घाटंजीत लोक माझ्याकडे नाही, माझ्या बाबांकडे बघतात, आणि तेही कीव आल्यासारखं. बाबांनी शेत आता ठेक्यानं दिलंय, आईला जाऊन सहा वर्षं झाली, आणि शिकलेली एकुलती एक लेक घरात बसून राक्षस काढते. कंपनी पुण्याची, छोटी. तिचं ऑफिस मी दोनदाच पाहिलंय.

मागच्या उन्हाळ्यात काम आलं की पाण्यातला एक शत्रू हवा. जुन्या विहिरीच्या तळाशी राहणारा, माणसाच्या अंगात शिरणारा, आतल्या आत वाढणारा. थोडक्यात, आयत्या बिळावर नागोबा. जळू मात्र नको, जळवा सगळ्यांनी करून झाल्यात, असं आमच्या साहेबांनी फोनवर बजावलं. खेळणाऱ्याला स्वतःचाच पाय नकोसा झाला पाहिजे, म्हणाले. हे साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. विहीर त्यांनी सिनेमातच पाहिली असणार.

मला शोधत बसावं लागलं नाही. तो शत्रू आमच्याच घरात होता, कपाटावर, एका मोठ्या खाकी पाकिटात.

त्या पाकिटात आत्याचा एक्स-रे होता. आत्या ही बाबांची धाकटी बहीण, उमरखेडकडे दिलेली. तिचा डावा पाय लहानपणापासून गुडघ्यात वाकत नाही. सगळा भार सोसून सोसून साठीत उजवा गुडघाही कामातून गेला, म्हणून यवतमाळला त्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी दोन्ही पायांचे फोटो काढायला लावले, आणि ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ते पाकीट आमच्याकडेच राहणार होतं. तरुण डॉक्टरांनी डाव्या पायाची फिल्म उजेडावर धरली आणि ते बघतच राहिले. पोटरीत, हाडाच्या बाजूला, एक पांढरी रेघ होती. उसवलेल्या गोधडीचा दोरा गुंडाळून ठेवावा तशी, वेटोळ्यावर वेटोळं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

"नारू," मोठे डॉक्टर म्हणाले. "मेलेला आहे. त्याचा दगड झालाय. पन्नासेक वर्षं झाली असतील ना, मावशी? राहू द्या, त्याचा आता काही त्रास नाही."

आत्या हसली. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते बाहेर गेले आणि बाकावर जाऊन बसले.

माझ्या वयाच्या लोकांना नारू माहीत नसतो, तेव्हा सांगते. नारू म्हणजे दोऱ्यासारखा बारीक, हातभर लांब जंत. आमच्या भागात पूर्वी पायऱ्यांच्या विहिरी होत्या. माणसं घोटाभर पाण्यात उतरून घागर भरायची आणि तेच पाणी प्यायची. त्या पाण्यातून नारू पोटात जायचा. वर्षभर कळायचंसुद्धा नाही. मग एक दिवस पायावर फोड यायचा आणि पायाची अशी आग व्हायची की माणूस धावत जाऊन पाय पाण्यात घालायचा. नारूला तेच हवं असायचं. पाणी लागलं की फोड फुटायचा, तो डोकं बाहेर काढायचा आणि आपली पिल्लं त्या पाण्यात सोडायचा. म्हणजे माणूस आपल्या पायानं विहिरीत जात नव्हता, नारू त्याला नेत होता. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कूलरच्या टाकीपासून खुर्ची लांब सरकवली. त्यात काही अर्थ नव्हता, पण सरकवली.

घरातली गोष्ट मला पाठ होती. आत्या दहा वर्षांची असताना तिच्या पायातून नारू निघायला लागला. तो एकदम ओढायचा नसतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बारीक काडीला त्याचं टोक गुंडाळायचं, रोज एक बोट बाहेर काढायचा, आणि काडी पायालाच पट्टीनं बांधून ठेवायची. महिना लागतो. मध्ये तुटला तर उरलेला आत कुजतो, पाय सुजतो, पू होतो. आजोबा-आजी शेतात, म्हणून हे काम तेरा वर्षांच्या बाबांकडे होतं. दुपारच्या जेवणानंतर, रोज त्याच वेळेला, त्याच हातानं. आणि एकोणिसाव्या दिवशी बाबांनी घाई केली आणि नारू तोडला. आत्याचा पाय त्यामुळे गेला. आजोबांनी बाबांना बैलाच्या दोरानं मारलं होतं. ही गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यातही सांगितली जायची, आणि बाबा ती ऐकून घ्यायचे.

तर मी आत्याचा एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवला, फोटो काढला आणि त्यावरून शत्रू काढला. आत्याला विचारलं नाही. तिच्या पोटरीतलं वेटोळं जसंच्या तसं घेतलं, फक्त वाढवलं, हत्तीएवढं. शेपटीचं टोक मी माझ्या मनानं काढलं, गळासारखं वाकडं. ते का वाकडं काढलं ते मला सांगता येणार नाही. हात तसा वळला. विहिरीसाठी फोटो हवे होते म्हणून आमच्या मूळ गावी जाऊन आले. तिथली पायऱ्यांची विहीर सरकारनं कधीच बंदिस्त केलीय. अकरा पायऱ्या खाली जातात आणि बाराव्या ठिकाणी सिमेंटची भिंत आहे. भर दुपारी मी त्या भिंतीला कान लावला. पलीकडे पाणी होतं, आणि ते स्वस्थ नव्हतं. बेडूक असतील.

शत्रूला मारायची रीतही मी बाबांना विचारूनच ठरवली. त्यांनी शेतातली वखरणी समजावावी तसं सरळ सांगितलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"रोज एक बोट. जास्त नोको. त्यानं अंग आखडलं की आपण थांबाचं. त्याच्याशी जोर कराचा नाही, तो जोर ओळखते."

मी तेच गेममध्ये घातलं. शत्रू खेळणाऱ्याच्या पायाला धरतो, आणि कंट्रोलरवरची खुंटी अंगठ्यानं हळूहळू गोल फिरवून त्याला काडीवर गुंडाळायचं. मला वाटलं, असं भीतीदायक काही कोणी केलं नसेल. पुण्याहून निरोप आला की फार संथ आहे, खेळणाऱ्याला कंटाळा येतो. गुंडाळणं दिसायला राहू द्या, पण बटण दाबून तीन झटके दिले की तो तुटून मेला पाहिजे. मी चिडले, भांडले, आणि शेवटी हो म्हटलं. गेम त्यांचा होता.

मे महिन्याच्या सुरुवातीला गेमची जुळवलेली प्रत आली. मी ती जुन्या कॉम्प्युटरवर टाकली आणि बाबांना हाक मारली. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. माझं काम बाबांनी कधी पाहिलंच नव्हतं.

ते खुर्चीत बसले. पडद्यावर विहीर आली, हिरवं पाणी आलं, आणि पाण्यातून तो पांढरा सरकत वर आला. कूलर चालू होता, खोलीत दुसरा आवाज नव्हता. बाबांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. त्यांना ते कळलंही नसावं.

"हे कोनं काढलं?"

"मीच."

"कुठं पाह्यलं तू हे?"

मी खोटं बोलले. म्हटलं, नेटवर. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग कंट्रोलर हातात घेतला, मला खुंटी कशी फिरवायची ते विचारलं, आणि फिरवायला लागले. इतकं हळू की मला वाटलं कॉम्प्युटर अडकला. एक वेढा. दुसरा. पाच वेढे झाले तसा त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला.

"बाबा, ते बटण दाबा ना. तीन झटक्यांत मरतो."

"मारायचं कोनाले हाय?" ते म्हणाले. "बंद नोको करू. उद्या पाहू."

ते उठले, मोरीत गेले आणि साबणानं हात धुतले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते पुन्हा बसले. पाच वेढे, मग हात धुणं. तिसऱ्या दिवशी तेच. मला आधी हसू आलं. म्हातारपणी माणसाला गेमचा नाद लागला, म्हणून मी फोनवर मैत्रिणींना सांगितलंही. चौथ्या दिवशी मी त्यांना चिडवलं की बाबा, या चालीनं तुम्हाला दिवाळी उजाडेल. ते हसले नाहीत.

"बाईच्या ऑपरेशनच्या आधी काढतो," ते म्हणाले. आत्याला ते बाई म्हणतात. "पूरा काढतो. तुटू देत नाही. मंग तिले काई होत नाही."

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, चार लोकांत शहाणा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस, बहिणीचा जीव माझ्या चित्राला बांधून बसला होता. त्यांना समजवायला हवं होतं. मी समजावलं नाही, कारण त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की समजावलं तर ते माझं ऐकतील, आणि मग त्यांच्याकडे काहीच उरणार नाही.

कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू राहिला. सहाव्या दिवशी लाइन गेली तेव्हा बाबा जेवता जेवता उष्ट्या हातानं उठले. इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं. पडद्यावर तो तसाच होता, अर्धा पायात, अर्धा काडीवर, आणि जरा जरा हलत होता. ती हालचाल मीच मागितली होती, शत्रू जिवंत वाटावा म्हणून. आता येता-जाता डोळ्याच्या कोपऱ्यातून ती दिसायची आणि मी त्या खोलीत जायचं टाळायला लागले. काडीवर इतके वेढे झाले होते की काडी दिसेनाशी झाली. पायातली लांबी मात्र तेवढीच होती.

आठव्या दिवशी मला शंका आली. कंपनीत माझी एक मैत्रीण कोड लिहिते, तिला फोन केला.

"हळू फिरवलं तर तो संपतच नाही," ती म्हणाली. "झटके आले तेव्हा ते गणित आपण काढून टाकलं ना? आता ते नुसतं दिसायला आहे. वर्षभर फिरवलं तरी येतच राहील. कोण फिरवतंय इतकं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

म्हणजे बाबांना जिंकता येणारच नव्हतं. या गेममध्ये सुटायची एकच वाट उरली होती, ओढून तोडण्याची, आणि ती मीच हो म्हणून ठेवलेली. मला इतकी लाज वाटली की त्या दुपारी मी बाबांच्या समोर गेले नाही. मैत्रिणीच्या हातापाया पडले. तिनं दोन दिवसांत दुरुस्ती करून पाठवली. अमुक वेढ्यांनंतर शेपटी सुटेल आणि शत्रू अख्खा बाहेर येईल, अशी. ती माझ्या लॅपटॉपवर आली. जुन्या कॉम्प्युटरवर टाकायची तर चालू असलेला गेम बंद करावा लागणार होता. बाबा घरातून हलतील तेव्हा टाकू, असं म्हणत मी दिवस काढला, आणि आत्या आली.

अकरावा दिवस होता. ऑपरेशन त्यानंतर तिसऱ्या दिवशी. जेवणं झाली. आत्या दिवाणावर बसली होती, डावा पाय नेहमीसारखा सरळ पुढे स्टुलावर. बाबा तिच्यासमोर कॉम्प्युटरचा पडदा बंद ठेवतील असं मला वाटलं होतं, पण वेळ झाली होती. ते खुर्चीत चढून बसले आणि कंट्रोलर हातात घेतला.

आत्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही आधी. तिनं बाबांचा अंगठा पाहिला. तो गोल फिरणारा अंगठा ती बघत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"स्टूल पुढं सरकव बाप्पा," ती मला म्हणाली.

मी सरकवलं. तिनं पाय उचलून बाबांच्या खुर्चीला टेकवला, त्यांच्या गुडघ्यापाशी. हे दोघं असेच बसत असणार, पन्नास वर्षांपूर्वी, याच वेळेला. बाबांनी मान वळवली नाही. दुसरा वेढा. तिसऱ्या वेढ्याला आत्यानं दातांतून श्वास ओढला, आतून काही ताणलं गेल्यासारखा.

बाबांचा अंगठा थांबला. "दुखते?"

"नाही. फिरव."

चौथा. पाचवा. बाबांनी कंट्रोलर दिवाणावर ठेवला, पण हात धुवायला उठले नाहीत.

"दादा," आत्या म्हणाली, "तो तू नव्हता तोडला."

बाबा पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे वळले. "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"मी आलो तवा पट्टीची गाठ माही नव्हती. मी दोन गाठी मारत जाऊ. थे एकच होती, अन् उलटी."

आत्याचा आवाज चढला. "मंग बापाचा मार काहून खाल्ला? जनमभर लोकाईचं काहून ऐकलं? मी लहान होती, मले भेव वाटे. तू तं बोलू शकत होता!"

"काय बोलू? मी शंकरपट पाह्याले गेलतो. बैलं पळून राह्यले होते अन् मले तुही आठवण होती, बाई. आठवण होती तरी उठलो नाही. दिवे लागणीले आलो. मी वेळेवर असतो, तं तू कायले हात लावला असता?"

आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

"तुले पटाले जाऊशी वाटे, अन् तू माह्यापायी रोज घरी बसे," ती पदराआडून म्हणाली. "मले वाटलं आजच पूरा काढून टाकतो. तू घरी आला की दाखवतो. मंग दादा उद्यापासून मोकळा. म्हणून म्याच ओढला."

बाबांनी तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. ते रडत होते. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

मी दारात होते आणि माझं तोंड पडद्याकडे होतं. कंट्रोलर दिवाणावर पडलेला, त्याला कोणाचा हात नव्हता. काडी फिरत होती. हळू, बाबा फिरवायचे तशीच. एक वेढा, दोन, आणि मग पायातून शेवटचं टोक बाहेर आलं. वाकडं, गळासारखं. ते काडीवरून लोंबलं, एकदा हललं आणि थांबलं. पाणी स्वच्छ झालं. बाबांची पाठ होती, आत्याच्या डोळ्यांवर पदर होता. मी पुढे होऊन पडदा बंद केला.

मैत्रीण म्हणते, इतके दिवस कोणी गेम बंद न करता ठेवतच नाही, आतलं कुठलं तरी घड्याळ भरून उलटं फिरलं असेल. असेलही. दुरुस्तीची प्रत माझ्या लॅपटॉपवर तशीच पडून होती, एवढं मला माहीत आहे. मी जे पाहिलं ते घरात कोणाला सांगितलं नाही, आणि बाबांनीही त्यानंतर त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. आता सांगून त्यांच्या त्या दुपारीत मला माझा राक्षस घुसवायचा नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. आत्याला वॉर्डात आणलं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. मी तिचे पाय चादरीनं झाकत होते. डोळे न उघडता तिनं विचारलं, "दादा, निघाला का?"

मी बाबांकडे पाहिलं. ते तिच्या कानाशी वाकले.

"निघाला, बाई. पूरा निघाला. शेपटी वाकडी होती त्याची."

"मंग बरं," आत्या म्हणाली आणि झोपली.